दुकानाची पाटी आणि वेबसाइटचं पहिलं पान

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. १९९६ ची दहावीची तुकडी.)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर काहीतरी उपयोगाचं बोल. कृत्रिम बुद्धिमत्तेवर नको, ते रोज मोबाइलवर येतंच." मग मी आपल्या तुकडीच्या ग्रुपवर नजर टाकली. आपल्यातले बरेच जण आज स्वतःचा धंदा करतात. कुणाची आंब्याची बाग आहे, कुणाचं कोकम-मसाल्याचं घरगुती उत्पादन, एकीचा दातांचा दवाखाना, एकाचा छापखाना, दोघांची समुद्राकडे पर्यटकांना उतरायला दिलेली घरं. आणि यांतल्या जवळजवळ प्रत्येकाने मला कधी ना कधी एकच मेसेज पाठवला आहे : "अगं, वेबसाइट केलीय, जरा बघून सांग ना कशी वाटते." तर आज तेच सांगणार आहे, सगळ्यांना एकदम. म्हणजे पुढची दहा वर्षं माझी सुटका.

वेबसाइटचं पहिलं पान, ज्याला होमपेज म्हणतात, ते म्हणजे नेमकं काय? बाजारपेठेतलं एखादं जुनं दुकान आठवा. गिऱ्हाईक आत पाऊल टाकायच्या आधीच त्याला किती गोष्टी कळलेल्या असतात. पाटी जुनी आहे, म्हणजे दुकान टिकलेलं आहे. गल्ल्यामागे आजोबांचा फोटो आहे. चार माणसं थांबलेली आहेत. तराजू समोर आहे. गडबड झाली तर उद्या येऊन भांडता येईल, कारण दुकान काही पळून जाणार नाही. वेबसाइटवर यातलं काहीच नसतं. डोंबिवलीतल्या कुणीतरी रात्री अकरा वाजता अंथरुणात पडल्या पडल्या तुमचं पान उघडलेलं असतं. त्याला तुमचं गाव माहीत नाही, वडील माहीत नाहीत. जे काही कळेल ते त्या हातभर पडद्यावरून. हातभर कसला, वीतभर.

हा माझा एकटीचा अंदाज नाही. २००२ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात बी. जे. फॉग यांच्या गटाने अडीच हजारांहून जास्त लोकांना वेगवेगळ्या वेबसाइट दाखवून विचारलं, यांतली विश्वासार्ह कुठली आणि का. लोकांनी दिलेल्या शेऱ्यांपैकी सुमारे ४६ टक्के शेरे पानाच्या दिसण्याबद्दल होते. मजकूर, माहितीचा खरेपणा, कंपनीचं नाव यांचा नंबर नंतर. २००६ साली कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना पानं फक्त ५० मिलिसेकंद दाखवली, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. तेवढ्यातही लोकांचं पान आवडल्या-नावडल्याचं मत तयार होत होतं, आणि जास्त वेळ दाखवलं तरी ते फारसं बदलत नव्हतं. म्हणजे आपल्या मुलामुलींच्या लग्नाच्या बैठकीत जसं चहा यायच्या आधीच ठरलेलं असतं, तसंच.

पण हे ऐकलं की लोक भलतीकडे धावतात. त्यांना वाटतं, व्यावसायिक दिसायचं म्हणजे मोठी कंपनी दिसायचं. मग पान उघडल्यावर आधी काचेची उंच इमारत येते, मग कोट घातलेले दोन गोरे हस्तांदोलन करतात, मग हेडफोन लावलेली एक हसरी बाई येते. आपल्या दंतवैद्य मैत्रिणीच्या पानावर निळ्या डोळ्यांचं एक सोनेरी केसांचं बाळ होतं. मी तिला विचारलं, हे पेशंट कुठल्या वाडीतलं? ती हसली आणि दुसऱ्या दिवशी फोटो काढून टाकला. तिच्या पेशंटला काय हवं असतं? रविवारी दवाखाना उघडा असतो का, रूट कॅनॉलला किती वेळा यावं लागेल, वरच्या मजल्यावर असेल तर लिफ्ट आहे का. हे पानावर पहिल्या नजरेत दिसलं की ती व्यवस्थित डॉक्टर आहे हे आपोआप कळतं. "जागतिक दर्जाची सेवा" असं लिहून ते कळत नाही.

आता मी एकाच पानाची गोष्ट जरा सविस्तर सांगते. आपल्या एका आंबेवाल्या मित्राची. तो समोरच बसला आहे, आणि नाव घ्यायचं नाही असं त्याने बजावलं आहे. रत्नागिरीजवळ त्याची वडिलोपार्जित हापूसची बाग आहे. पूर्वी सगळा माल वाशीला दलालाकडे जायचा. गेली काही वर्षं तो थेट घरोघरी पेट्या पाठवतो. त्याने एकाकडून वेबसाइट करून घेतली होती. वर सरकणारे पाच फोटो. "वेलकम टू अवर वेबसाइट" हे इंग्रजीत. खाली "गुणवत्ता हीच आमची परंपरा". आणि सगळ्यात मोठा फोटो आंब्याचा होता, लालबुंद, जांभळट छटेचा, चकचकीत. तो आंबा होता टॉमी ॲटकिन्स! अमेरिकेत फ्लोरिडात तयार झालेली जात, तिकडच्या सुपरमार्केटात मिळते ती. वेबसाइट करणाऱ्याने फुकटच्या चित्रसंग्रहात "मँगो" असा शोध घेतला, पहिला आला तो चिकटवला. हापूस विकणाऱ्याच्या पाटीवर परदेशी लाल आंबा! कोकणातला माणूस हे बघून हसेल, पण पुण्यामुंबईतलं गिऱ्हाईक हसत नाही, ते पान बंद करतं. कारण हापूसच्या नावाखाली दुसरेच आंबे विकले जातात हे त्याला पक्कं ठाऊक आहे. त्याच्या मनात एकच प्रश्न असतो : हा खरा आहे का?

आणि इथे नुसत्या शोभेचा प्रश्न नव्हता. मार्च ते मे हे तीन महिने, त्यात वर्षाची कमाई. त्या वर्षी मोहोर उशिरा आलेला, बँकेचा हप्ता समोर, मुलीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश तोंडावर. फोन येत होते, पण निम्मे फोन "ओरिजिनल आहे ना?" इथेच अडकत होते. दिवसभर त्याची बायको तेच तेच उत्तर देत होती.

आम्ही पहिलं काम केलं ते फोटोंचं. फोटोग्राफर बोलावला नाही. सकाळी आठच्या उन्हात, मोबाइलवर, त्याच्याच बागेत काढले. झेल्याने आंबा उतरवणारा त्याचा भाऊ. पेंढ्यात लावलेली आढी. पेटीत रचलेले आंबे, एकावर देठाकडे चिकाचा बारीक डाग असलेला. तो डाग पुसून काढू या असं वेबसाइटवाल्या मुलाचं म्हणणं होतं. मी म्हटलं राहू दे. तो डागच सांगतो की हा फोटो विकतचा नाही.

मग वाक्य. "गुणवत्ता हीच आमची परंपरा" या वाक्याला मी एक साधी कसोटी लावते : याच्या उलट कुणी लिहील का? "भेसळ हीच आमची परंपरा" असं कुणीच लिहिणार नाही. मग जे सगळेच लिहू शकतात ते लिहून तुमच्याबद्दल काय कळलं? पुणेरी पाटीवरचं "आमची कोठेही शाखा नाही" हे वाक्य मला फार आवडतं. लोक त्याची थट्टा करतात, पण त्यात ठाम माहिती आहे, थोडा तोराही आहे. आम्ही लिहिलं : "रत्नागिरीजवळच्या आमच्या स्वतःच्या बागेतला हापूस. मार्च ते मे. मुंबई-पुण्यात घरपोच." बस्स. कोण, काय, कधी, कुठे. आपल्या मराठीच्या बाई बातमी लिहायला शिकवताना हेच विचारायच्या.

त्यानंतर भांडण झालं. साक्यावरून.

इथे बागायतदार आहेत त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. हापूस बाहेरून कितीही देखणा असला तरी कधीकधी कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर निघतो. तो साका. बाहेरून बघून कळत नाही. मी म्हटलं, हे पहिल्या पानावर लिही, आणि साका निघाला तर तू काय करतोस तेही लिही. तो उखडला. "आपल्याच मालाचा दोष आपल्याच पाटीवर लिहू? वडील वरून उठून येतील." तीन दिवस बोलला नाही. शेवटी त्याच्या बायकोने निकाल लावला. ती म्हणाली, "फोनवर रोज मीच सांगते ना, साका निघाला तर फोटो पाठवा, पुढच्या पेटीत तेवढे आंबे जास्त देऊ. मग तेच लिहा की. माझा घसा तरी वाचेल." लिहिलं. साध्या दोन ओळी.

पहिल्या आठवड्यातच फोनची तऱ्हा बदलली. "ओरिजिनल आहे ना?" विचारणारे कमी झाले, "पाच डझनाची पेटी कधी निघेल?" विचारणारे वाढले. का झालं असेल? माझं मत असं : स्वतःच्या मालात काय बिघडू शकतं हे ज्याला नेमकं माहीत आहे, तो माल त्याचाच असणार, हे गिऱ्हाईक ओळखतं. दुसऱ्याचा माल घेऊन विकणाऱ्याला साक्याबद्दल लिहायचं सुचणार नाही.

आणखी एक त्याच पानाबद्दल. जुन्या पानावर ऑगस्टमध्येही "आत्ताच ऑर्डर करा" चमकत असायचं. भर पावसाळ्यात ताजा हापूस! आता जूनपासून तिथे लिहिलेलं असतं, "या वर्षीचा हंगाम संपला. पुढच्या मार्चमध्ये कळवायला हवं असेल तर नंबर ठेवा." भावही रोजच्या तारखेसह लिहिलेला असतो. प्रतिस्पर्धी भाव बघतील ही त्याची भीती होती. प्रतिस्पर्ध्यांना भाव आधीच माहीत असतो हो, माहीत नसतो तो फक्त गिऱ्हाइकाला.

जीआयबद्दल इथेच बोलते, कारण त्याचं बोधचिन्ह प्रत्येकाला पानावर हवं असतं. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. पण आपण त्या जिल्ह्यात राहतो म्हणून ते चिन्ह लावता येत नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली स्वतःची नोंदणी लागते. आधी नोंदणी, मग चिन्ह. कोकम-मसालेवाल्यांनीही आपला एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर असतो तसा पानाच्या तळाशी टाकावा. आणि जे ऑनलाइन विक्री करतात त्यांनी २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार कुणाकडे करायची हे दाखवायचं असतं. लोकांना हे ओझं वाटतं. मला उलट वाटतं. ज्या पानावर पत्ताच नाही त्या पानावर मी स्वतः पैसे भरत नाही.

आता दिसण्याकडे येते. यात आपला छापखानेवाला मित्र माझ्यापेक्षा जास्त जाणतो. लग्नपत्रिका आठवा. वधूवरांची नावं सगळ्यात मोठी, मुहूर्त त्याखालोखाल, "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं" अगदी तळाशी बारीक. कुणी डिझाइनचा अभ्यासक्रम केला नव्हता, पण महत्त्वाचं मोठं आणि बाकीचं लहान हे पत्रिकेत नीट असतं. तीच माणसं वेबसाइट करायला बसली की सगळंच मोठं, सगळंच ठळक, सगळंच हलणारं. चित्रकलेच्या सरांनी आपल्याला फलकलेखन शिकवताना आधी पेन्सिलने जागा आखायला लावली होती. ज्यांनी आखली नाही त्यांच्या "सुस्वागतम्" मधल्या शेवटच्या म ला फळ्यावर जागाच उरायची नाही. मोबाइलच्या पडद्यावर आज तेच होतं. संगणकावर छान बसलेलं पान मोबाइलवर चेंगरतं. म्हणून पान आधी मोबाइलसाठी आखायचं, मग मोठ्या पडद्यासाठी. गूगलसुद्धा पानांची नोंद घेताना आता मोबाइलवरचं रूप आधी बघतो.

बाई, तुमच्यासाठी एक खास गोष्ट. मराठी अक्षरं. इंग्रजीत अक्षरांमधलं अंतर वाढवलं की नाव भारदस्त दिसतं, म्हणून वेबसाइटवाली मुलं मराठीलाही तेच करतात. मग शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात, दात पडल्यासारखे. मराठीला अक्षरांमध्ये नव्हे, दोन ओळींमध्ये जास्त जागा लागते, कारण वर वेलांटी-मात्रा-रफार आणि खाली उकार असतात. पूर्वी चांगले मराठी टंक विकत घ्यावे लागायचे, आणि एका यंत्रावरचं दुसऱ्यावर उघडलं की नुसती जंत्री दिसायची. आता युनिकोडमुळे तो त्रास गेला. एक टाइप या भारतीय गटाने केलेले मुक्त आणि बालू हे टंक, किंवा गूगलचा नोटो, कुणालाही फुकट वापरता येतात. आणि पानाची भाषा मराठी आहे अशी नोंद कोडमध्ये केली, तर काही टंक ल आणि श मराठी वळणाचे दाखवतात, हिंदी वळणाचे नाही. वेबसाइट करणाऱ्याला एवढं एक जरूर सांगा. एका ओळीचं काम आहे, आणि तुमच्यासारख्या शिक्षकांच्या डोळ्यांना ते लगेच दिसतं.

रंगांचं म्हणाल तर आंबा म्हणून पांढऱ्यावर पिवळी अक्षरं काढू नका. आपल्या सगळ्यांना आता चाळिशी लागली आहे, आणि ऑर्डर देणारं गिऱ्हाईक बहुतेक आपल्याच वयाचं किंवा मोठं असतं. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातलं गुणोत्तर निदान ४.५ ला १ असावं असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. ते मोजून देणारी साधनं फुकट मिळतात. ते नको असेल तर मोबाइल घेऊन अंगणात भर उन्हात उभे राहा आणि वाचून बघा. बटण निदान ९ मिलिमीटरचं तरी हवं, अंगठा त्याहून लहान नसतो.

वेगाबद्दल थोडक्यात. मोबाइलवर काढलेला फोटो चार-पाच एमबीचा असतो, तो तसाच पानावर चढवला की आपल्या घाटात नेटवर्कची एकच कांडी असताना पान उघडेपर्यंत बस पुढच्या थांब्यावर पोचते. तोच फोटो दीड-दोनशे केबीत बसवता येतो, डोळ्याला फरक कळत नाही. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा हा गूगलचा निकष आहे. सरकणारे पाच फोटो काढून एकच ठेवला तर अर्धं काम तिथेच होतं. तसेही दुसऱ्या फोटोपर्यंत थांबतं कोण?

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात गंभीर. बाकीचं सगळं चुकलं तर दुरुस्त करता येतं, हे नाही.

आपल्या एका मैत्रिणीचं समुद्राजवळ घर आहे, पर्यटकांना देते. तिने आठ वर्षं राबून नाव कमावलं. पाटीवर, कार्डांवर, रिक्षावाल्यांना दिलेल्या चिठ्ठ्यांवर, पाहुण्यांनी लिहिलेल्या अभिप्रायांत, सगळीकडे तिच्या वेबसाइटचा पत्ता. तो पत्ता, म्हणजे डोमेन, वेबसाइट करून देणाऱ्याने स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर नोंदवला होता. तिने पैसे दिले होते, पावतीही होती, पण नोंद त्याची. पुढे त्याने हा व्यवसाय सोडला, नंबर बदलला. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिल्या. मुदत संपली, पत्ता मोकळा झाला आणि दुसऱ्याच कुणीतरी घेतला. दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर पाहुणे तो पत्ता उघडत होते आणि समोर सट्ट्याची जाहिरात येत होती. एका जुन्या पाहुण्याने तिला फोन करून विचारलं, "ताई, तुम्ही हे काय सुरू केलंत?" तिचं पान सुंदर होतं हो. मी स्वतः बघितलं होतं, रंग, फोटो, सगळं उत्तम. पण जागेचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर आणि आपण भिंती रंगवतोय, असा तो प्रकार. शेवटी नवीन पत्ता घेतला, पाट्या पुन्हा रंगवल्या, कार्डं पुन्हा छापली. जुन्या पत्त्यावर अजून तेच चालू आहे.

म्हणून डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर, ओटीपी स्वतःच्या फोनवर. एकदम काही वर्षांचे पैसे भरून ठेवा आणि नूतनीकरणाची तारीख घरातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहा. डॉट इन घ्या, डॉट कॉम घ्या, देवनागरीत हवं तर २०१४ पासून डॉट भारतही मिळतं. वेबसाइट करणारा बदलला तर बदलू द्या, गवंडी बदलतोच की. आणि पत्ता https ने सुरू होईल अशी सोय करायला सांगा. २०१८ च्या जुलैपासून क्रोम https नसलेल्या पानाला सरळ "असुरक्षित" म्हणतो, आणि ते प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं. त्याचे वेगळे पैसे कुणी मागत असेल तर कशाचे ते विचारा.

संयोजक घड्याळ दाखवतायत आणि मागून सोलकढीचा वास येतोय. जेवणानंतर मी ग्रंथालयाच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसणार आहे. ज्यांच्या वेबसाइट आहेत त्यांनी डोमेनची पावती मोबाइलमध्ये शोधून ठेवा, पत्ता कुणाच्या नावावर आहे ते एकेकाचं बघून टाकू. ज्यांच्या नाहीत त्यांनी आपल्या धंद्याचं ते एक वाक्य, कोण-काय-कधी-कुठे, कागदावर लिहून आणा. बाई, तुम्ही शेजारी लाल पेन घेऊन बसाल का?